बिरसा १०१ आणि सिकलसेल: भावाला चाचणीत जाऊ द्यावं का?

पवनीची_लेक

१९ नोव्हेंबर २०२५ला ‘बिरसा १०१’ची घोषणा झाली, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. ज्यांनी बातमी वाचली नसेल त्यांच्यासाठी: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने केलेला हा पहिला भारतीय जनुकोपचार. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने तो विकसित केला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं. नाव बिरसा मुंडांचं.

माझा धाकटा भाऊ विशीतला आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेलं ‘एस’ जनुक आलेलं, त्यामुळे आजार आहे. आईबाबा दोघंही एएस, मीही एएस, म्हणजे असं एकच जनुक, आजार नाही. त्याची हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड ही औषधं चालू आहेत. तरी थंडी पडली की दुखणं सुरू होतं, आणि डिप्लोमाचा पेपर नेमका त्याच आठवड्यात असतो. चाचणीसाठी माणसं घ्यायला लागले की पहिलं नाव माझं, असं तो म्हणतो. बाबा म्हणतात, “माझा पोरगा प्रयोगाला द्यायचा नाही.” आई दोघांचं ऐकते आणि मला फोन करते.

मी नागपुरात नोकरी करते, जमेल तेवढं वाचते, पण डॉक्टर नाही. या उपचारात नेमकं करतात काय, धोका कुठे असतो, आणि तोवर नुसतं थांबून राहणं बरोबर आहे का? घरात रक्ताचा आजार असलेल्यांनी जरूर लिहा.

झाडीतला_वाटसरू

वाचतोय. आमच्या टोलीतही दोघं एसएस आहेत. त्यांना दाखवायला धागा साठवून ठेवला.

पेशीवेडा

ताई, मी पुण्यात प्रयोगशाळेत काम करतो, जनुकांशी रोजचा संबंध आहे. बिरसा १०१च्या माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल हाती आल्याशिवाय त्याबद्दल ठाम बोलता येणार नाही. पण याच जातीचा परदेशी उपचार, कॅसजेव्ही, त्याची माहिती भरपूर आहे. त्यावरून अंदाज येईल.

आजाराचं मूळ एका अक्षराच्या बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. दुखण्याचा झटका तिथून येतो.

पण एसएस बाळाला पहिले काही महिने त्रास नसतो, हे तुमच्या आईलाही आठवत असेल. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी नसतेच. जन्मानंतर शरीर ते बनवणं हळूहळू बंद करतं. हे बंद करणाऱ्यांत बीसीएल११ए नावाचं जनुक मुख्य. कॅसजेव्हीत एसचा बदल दुरुस्त करत नाहीत. क्रिस्परच्या कात्रीने बीसीएल११ए रक्तपेशींपुरतं निकामी करतात, म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. प्लेरिक्साफॉरचं इंजेक्शन देऊन हाडाच्या मगजातल्या मूळ पेशी रक्तात उतरवतात. इतर मूळ पेशीदात्यांना जे जी-सीएसएफ देतात ते सिकलसेलमध्ये देत नाहीत, त्याने जीवघेणा झटका येऊ शकतो. मग माणूस अफेरेसिस यंत्राला, म्हणजे रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्राला, जोडून तासन् तास पडून राहतो. एका खेपेत पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही, बऱ्याच जणांना पुन्हा पुन्हा जावं लागतं. पेशी कारखान्यात जातात, तिथे संपादन आणि तपासण्या होतात, यात महिने जातात. नंतर रुग्णालयात भरती करून बुसल्फान नावाची केमो देतात. ती जुना मगज रिकामा करते. त्यानंतर संपादित पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात, ते काम थोडक्यात आटोपतं. खरी परीक्षा पुढच्या चार-सहा आठवड्यांत, नव्या पेशी रुजेपर्यंत. प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्य, तोंड सोललेलं, केस गेलेले, खोलीबाहेर पडायचं नाही.

निकाल चांगले आहेत. ज्यांचा पुरेसा पाठपुरावा झाला अशा ३० सिकलसेल रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही गंभीर झटका आला नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ला अमेरिकेने परवानगी दिली.

नागपुरी_तर्री

पेशीवेडाभाऊ, एक नंबर समजावलं. पण भाव काहून नाही सांगितला? मीच सांगतो. कॅसजेव्ही २२ लाख डॉलर. म्हणजे एकोणीस-वीस कोटी रुपये. तेवढ्यात आमचं अख्खं गाव इकत येते बाप्पा, आन् वरून वरातीचा खर्च निघते.

आपल्या इथं झालं तर स्वस्तात होईन, हेच मोठं. लागा पोट्टेहो कामाला.

मीनल_बर्मिंगहॅम

इथलं सांगते. इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, कॅसजेव्ही आधी बीटा थॅलॅसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजारासाठी ऑगस्ट २०२४मध्ये घेतलं, सिकलसेलसाठी जानेवारी २०२५मध्ये. छापील किंमत १६.५ लाख पौंड, पण एनएचएसने कंपनीशी घासाघीस करून वेगळा भाव ठरवला. सिकलसेलचे वर्षाला साधारण ५० रुग्ण धरलेत. रुग्णाला खिशातून काही द्यावं लागत नाही.

माझ्या ओळखीचे एक कुटुंब मूळचं नायजेरियाचं आहे, त्यांची मुलगी यादीत आहे. त्यांच्याशी बोलताना जाणवलं की पैशाचा प्रश्न सुटल्यावरही लोक पटकन हो म्हणत नाहीत. बुसल्फानने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. त्यामुळे आधी बीजकोशाचा भाग किंवा स्त्रीबीजं गोठवणं, मुलांचं वीर्य गोठवणं, याची चर्चा होते. ताई, तुमच्या भावाशी हे कुणीतरी मोकळेपणाने बोललं पाहिजे. विशीतल्या मुलाशी आपल्याकडे हा विषय कुणी काढत नाही.

तात्या_सोलापूर

मी विरोधी बाजू मांडतो, कारण ती कुणीतरी मांडायलाच हवी. १९९९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकोपचार चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. त्याचा आजार यकृतातल्या विकराचा होता आणि औषध-पथ्यावर तो बरा चालला होता. त्यानंतर फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच्या आजाराची लहान मुलं जनुकोपचाराने बरी झाली आणि त्यातल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. हे सगळं मोठ्या संस्थांत, मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली घडलं.

बाबांना अडाणी समजू नका. ‘प्रयोगाला द्यायचा नाही’ म्हणणाऱ्या बापाकडे कारण आहे.

पेशीवेडा

तात्या, मुद्दा मान्य, फक्त थोडं वेगळं करून बघू. त्या दोन्ही ठिकाणी जनुक नेण्यासाठी विषाणू वापरला होता. गेल्सिंगरला तो थेट शरीरात दिला आणि प्रतिकारशक्ती भडकली. फ्रान्समध्ये विषाणूने जनुक भलत्या जागी नेऊन बसवलं. क्रिस्परमध्ये कात्री ठरलेल्या जागी कापते. भलतीकडेही कापू शकते, ती भीती आहेच. आयजीआयबीने त्यासाठीच फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूचं कॅस९, म्हणजे क्रिस्परची कात्री, घेऊन त्यात सुधारणा केली. त्याची चुकीच्या जागी कापण्याची प्रवृत्ती कमी. २०२०मध्ये कोविडसाठी ‘फेलुदा’ चाचणी आली होती, तीही याच गटाची, याच जातीच्या कॅस९वर.

सिकलसेलसाठी विषाणू वापरणारा उपचारही आहे, लिफजेनिया. कॅसजेव्हीच्याच दिवशी मंजूर झाला, किंमत ३१ लाख डॉलर. त्याच्या माहितीपत्रकावर रक्ताच्या कर्करोगाचा चौकटीतला इशारा आहे. आणि क्रिस्परवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बीम कंपनीच्या सिकलसेल चाचणीत एक रुग्ण दगावल्याचं २०२४मध्ये जाहीर झालं. फुप्फुसं निकामी झाली होती आणि त्याचा संबंध बुसल्फानशी असावा असं सांगितलं गेलं. मला विचाराल तर आजच्या घडीला जनुक कापण्यापेक्षा केमोचीच भीती जास्त धरावी.

डोंगरगावची_डॉक्टर

गडचिरोलीत काम करते. उशिरा आले, नेटवर्क आलं तेव्हा पूर्ण धागा वाचला.

या बातमीनंतर माझ्या ओपीडीत काय बदललं ते सांगते. एका आईने विचारलं, “मॅडम, आता बिरसाचं औषध येणार आहे ना, मग ही गोळी बंद करू का?” ती गोळी हायड्रॉक्सीयुरिया होती. मुलगी आठवीत आहे. गोळी सुरू झाल्यापासून तिची शाळा बुडायची कमी झाली आहे.

पेशीवेडांनी जे समजावलं त्यातच याचं उत्तर आहे. हायड्रॉक्सीयुरियाही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं. कायमचं नाही, रोज घ्यावं लागतं, आणि मधूनमधून रक्त तपासून पांढऱ्या पेशी फार कमी तर होत नाहीत ना हे बघावं लागतं. पण झटके कमी करतं, छातीत होणारा भयंकर प्रकार कमी करतं, रक्त चढवण्याची वेळ कमी आणतं. आपल्या भागातल्या रुग्णांत अरब-भारतीय म्हणतात तो जनुकीय प्रकार आढळतो. त्यांच्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच जरा जास्त असतं, त्यामुळे काहींचा आजार सौम्य असतो. सगळ्यांचा नाही. विदर्भात अगदी लहान वयात गंभीर होणारी मुलंही मी पाहते.

माझा राग एका गोष्टीवर आहे. सगळी चर्चा कोटींच्या उपचाराची, आणि स्वस्त गोळी कधी साठ्यात असते, कधी नसते. बाहेरून आणा म्हटलं की मजुरीवर जाणारं घर एक महिना आणतं, दुसऱ्या महिन्यात सोडून देतं. न्यूमोकोकसची लस, वेळेवर ताप दाखवणं, पाणी भरपूर पिणं, आईला प्लीहा चाचपायला शिकवणं, यावर मुलं जगतात. जनुकोपचार यावा, लवकर यावा, मी स्वतः रुग्ण पाठवीन. तो येईपर्यंत मूल चांगल्या तब्येतीत राहिलं पाहिजे. खराब झालेली फुप्फुसं आणि मूत्रपिंडं घेऊन गेलेल्या माणसाला बुसल्फान झेपत नाही, चाचणीत घेतही नाहीत.

पवनीची_लेक, तुमचा भाऊ गोळी नियमित घेतो का, हे आधी बघा. आणि मात्रा वजनाप्रमाणे आहे का तेही. बऱ्याच मुलांचं वजन वाढतं, मात्रा लहानपणचीच राहते.

नागपुरी_तर्री

डॉक्टरताईले मानलं. मात्रेचं कोणी सांगत नाही.

कृष्णाकाठी

सांगलीहून. मला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही; ए प्रकार, गंभीर. आमच्या आजारात भारतात एक काम झालंय ते इथे कुणी लिहिलं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच जणांवर जनुकोपचार केला आणि डिसेंबर २०२४मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. डॉ. अलोक श्रीवास्तव यांचा गट. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यात फॅक्टर आठचं, म्हणजे आमच्यात कमी असलेल्या रक्त गोठवणाऱ्या घटकाचं, जनुक घातलं आणि परत दिल्या. पाठपुराव्याच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही.

गुडघ्यात रक्त भरल्यावर काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला या ओळीची किंमत कळेल. माझा डावा गुडघा शाळेतच आखडला. वेल्लोरची बातमी वाचली तेव्हा मी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

सांगायचं हे की भारतात असं काम होऊ शकतं आणि ते नीट, गाजावाजा न करता झालेलं आहे. तात्यांनी परदेशातले मृत्यू सांगितले, मी देशातले बरे झालेले सांगतो. पाच हा आकडा लहान आहे हे मलाही कळतं.

तात्या_सोलापूर

कृष्णाकाठी, हे माहीत नव्हतं. मनापासून आनंद झाला. वेल्लोरचा पेपर शोधून वाचतो.

ऊसतोड

मला ते नाव देण्याचं पटत नाही. औषधाला बिरसा मुंडांचं नाव, घोषणा जयंतीच्या आठवड्यात. पाड्यावर एएस की एसएस हे सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिसची साधी रक्ततपासणी करायला माणसाला जिल्ह्याला जावं लागतं, त्याचं काय?

तोरणमाळ_पावरा

ऊसतोडभाऊ, मी नंदुरबारचा, पावरा समाजाचा. आम्हाला नावाचं दुःख नाही, उलट अभिमान वाटला. माझं म्हणणं पुढचं आहे.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत. नागपूरकडची नोंद १९५८ची, शुक्ला आणि सोळंकी यांची. तेव्हापासून आमच्या बोटातून, शिरेतून रक्त घेणं चालू आहे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान, आणि विदर्भातल्या दलित वस्त्या. शिबिर होतं, नमुना जातो, कार्ड मिळतं. १ जुलै २०२३ला शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, १७ राज्यांत ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची. चांगलं आहे. माझ्याही घरी सगळ्यांची कार्डं आहेत. पण कार्ड मिळाल्यावर पुढे काय, हे समजावणारा माणूस आमच्या भाषेत बोलणारा पाहिजे. चाचणीचं संमतीपत्र वीस-पंचवीस पानांचं असतं. ते मराठीत असलं तरी माझ्या आत्याला कळणार नाही. तिला पावरीत, समोर बसून, प्रश्न विचारू देत सांगावं लागेल. एवढं झालं तर आमची पोरं चाचणीत जायला तयार आहेत. आजार आमचा आहे, औषधाच्या पहिल्या रांगेतही आम्ही असायला हवं.

ऊसतोड

मान्य, दादा. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कागदपत्रे_तयार

तोरणमाळ दादांनी संमतीपत्राचा विषय काढला म्हणून लिहिते. माणसांवरच्या चाचण्या तपासून मंजूर करणाऱ्या एका आचारसमितीवर मी सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसते. भारतात चाचण्यांना २०१९चे नियम लागू आहेत. जनुकोपचारासाठी आयसीएमआरची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही २०१९पासून आहेत. पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, व्हावी लागते. ती साइट कुणालाही बघता येते, ‘सिकल’ टाकून शोधा. कुठल्या रुग्णालयात, किती जणांवर, कुठल्या वयाच्या, सगळं तिथे असतं. वर्तमानपत्रापेक्षा तिथे बघत राहा.

औषधाचे पैसे घेत नाहीत. कुणी मागितले तर ती चाचणी नव्हे, तिथून निघा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात यायलाच हवी. ती घरी न्या, वाचा, हवं तर चार दिवसांनी सही करा.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची संमती त्याची स्वतःची. बाबांची सही चालत नाही आणि बाबांचा नकारही कायद्याने चालत नाही. घरात काय चालतं ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मी समितीत नेहमी बोलते. सहभागी माणूस कधीही बाहेर पडू शकतो असं प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असतं. या उपचारात पेशी काढल्यावरही बाहेर पडता येतं. बुसल्फान दिल्यावर मात्र शरीर मागे फिरू शकत नाही, तेव्हा त्या पेशी घ्याव्याच लागतात. म्हणून आधीच विचारायचं: संपादित पेशी रुजल्याच नाहीत तर माझ्या मूळ पेशींचा राखीव साठा ठेवला आहे का? कॅसजेव्हीत तो ठेवतात. आणि पुढे किती वर्षं तपासणीला बोलावणार? अमेरिकेत अशा उपचारांत १५ वर्षांचा पाठपुरावा असतो. इथला प्रवासखर्च कोण देणार, तेही कागदावर घ्या.

एसएस_मी_स्वतः

इतका वेळ वाचत होतो. आतापर्यंत बहुतेक लोक सिकलसेलवाल्यांबद्दल लिहिताहेत, म्हणून एक सिकलसेलवाला लिहितो.

मी चंद्रपूरचा, वय पस्तिशीच्या आतलं. झटका आला की मला नडग्यांत आणि कमरेत दुखतं. पांघरुणाचा स्पर्श नको होतो. पंखा नको, आवाज नको, आणि तरीही कुणीतरी जवळ बसलेलं हवं असतं. एका रुग्णालयात मी ठरावीक इंजेक्शनचं नाव घेतलं, कारण तेच मला लागू पडतं हे मला माहीत आहे. तिथल्या डॉक्टरने विचारलं, “सवय लागली का?” त्या रात्री दुखणं कमी होईपर्यंत सकाळ झाली. माझा उजवा खुबा रक्तपुरवठा थांबून झिजला, सांधा बदलावा लागला.

जनुकोपचाराने खुबा परत येणार नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. जे गेलं ते गेलेलं असतं, पुढचं वाचतं. म्हणून विशीतल्या मुलाने ‘मी जातो’ म्हटलं तर मला त्याचं म्हणणं तंतोतंत कळतं. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे नावाची बाई जुलै २०१९मध्ये पहिली गेली. सिकलसेलवर क्रिस्पर उपचार घेणारी तिथली पहिली रुग्ण. चार लेकरांची आई. २०२३मध्ये तिने लंडनच्या परिषदेत शास्त्रज्ञांसमोर उभं राहून आपली कहाणी सांगितली. ती गेली नसती तर आज आपण हा धागा काढला नसता.

बाबांना सांगा, तुमचा मुलगा प्रयोगाला दिला जात नाहीये. तो जातोय, जायचं असेल तर. पण जाण्याआधी त्याने बुसल्फानबद्दल, मूल होण्याबद्दल, महिनाभर एका खोलीत राहण्याबद्दल सगळं ऐकून घेतलेलं असावं. आणि गोळी सोडायची नाही, डॉक्टर मॅडम म्हणतात तसं.

मीनल_बर्मिंगहॅम

तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ काही लिहवेना. लिहीत राहा इथे.

आईची_माया

अवांतर आहे, पण विचारते. हा उपचार झाल्यावर त्या माणसाची मुलं सिकलसेलमुक्त होतात ना?

पेशीवेडा

नाही. बदल फक्त रक्ताच्या मूळ पेशींत होतो. एसएस पुरुषाच्या वीर्यात एस जनुकच राहतं. त्याची सगळी मुलं किमान एएस होणार. बायको एए असेल तर सगळी एएस, बायको एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता निम्मी. म्हणून लग्नाआधीची तपासणी उपचारानंतरही सुटत नाही.

झाडीतला_वाटसरू

आमच्याकडे पत्रिका पाहतात, तपासणीचं विचारलं की स्थळच परत जातं. पोरीला एएस निघालं तर लपवतात. एएस म्हणजे आजार नाही, इतकं जरी गावोगाव पोचलं तरी लय होईल.

कागदपत्रे_तयार

+१. आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलॅसेमिया आणि हिमोफिलिया तिन्ही आहेत. प्रमाणपत्र काढून ठेवा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. एसटीतही सिकलसेल रुग्णांना प्रवास सवलत आहे.

डोंगरगावची_डॉक्टर

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण एक गोष्ट धाग्यात सगळ्यांच्या नजरेतून सुटली. पवनीची_लेक, तुम्ही लिहिलंत की तुम्ही एएस आहात आणि तो तुमचा सख्खा भाऊ. तुमचं दोघांचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळाव्या लागणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळतं का, हे कधी तपासलंय?

हाडाच्या मगजाचं प्रत्यारोपण हा सिकलसेल बरा करणारा, चाचणीच्या पलीकडे गेलेला उपचार आज उपलब्ध आहे. सख्ख्या बहीणभावांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दाता एएस असला तरी चालतो, एसएस चालत नाही. जुळलं तर निकाल चांगले येतात, आणि जितकं लहान वय तितके अधिक चांगले. केमो त्यातही आहे, वंध्यत्वाचा धोका त्यातही आहे. शिवाय दुसऱ्याच्या पेशी असल्याने त्या रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका आहे, तो जनुकोपचारात नसतो. खर्च लाखांत जातो, कोटींत नाही. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं केंद्र आहे, तिथे मुख्यतः लहान मुलांचं, थॅलॅसेमियाचं काम चालतं. वेल्लोर आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो.

भावाला झटके किती आणि कसे येतात यावर हेही ठरेल की त्याला एवढा मोठा उपचार लागतो का. सौम्य आजार गोळीवर ताब्यात राहत असेल तर मी कुणाला केमोत ढकलणार नाही.

पवनीची_लेक

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. भावाला आणि बाबांना एकत्र बसवून एसएस_मी_स्वतः यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. बाबा मधेच उठून बाहेर गेले, थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, “पुढचं वाच.” तात्यांचाही वाचला, त्यांना बरं वाटलं की त्यांची बाजू कुणी मांडली.

डॉक्टर मॅडम, गोळीची मात्रा बघितली. वजन वाढलंय, मात्रा दहावीत होती तीच आहे. सोमवारी दाखवायला जातोय. एचएलएबद्दल आम्हाला आजवर कुणी बोललं नव्हतं. जुळलं तर मी द्यायला तयार आहे, हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला की आधी गोळीची नवी मात्रा सहा महिने घेऊन बघतो, मग ठरवू. सीटीआरआयवर शोधायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय.

एक विचारायचं राहिलं. एचएलए तपासणीसाठी रक्त द्यायला दोघांनी एकत्र जावं लागतं का, की मी नागपुरात आणि तो भंडाऱ्यात दिलं तरी चालेल?

डोंगरगावची_डॉक्टर

वेगवेगळ्या ठिकाणी दिलं तरी चालतं, पण दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत जाऊ द्या, म्हणजे अहवाल ताडून बघणं सोपं जातं. गालाच्या आतून कापसाचा नमुना घेऊनही काही ठिकाणी करतात. भावाला अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते अर्जावर लिहायला सांगा. आणि आधी ज्या केंद्रात प्रत्यारोपणाचा विचार आहे त्यांना फोन करा. ते आपल्याच प्रयोगशाळेचा अहवाल मागतात, नाहीतर दोनदा पैसे जातात.

नागपुरी_तर्री

ताई, मेडिकल चौकात राहतो. तपासणीले नागपुरात आले की हाक मारा, सोबत येतो. भावाले घेऊन जेवाले या, पण तर्री कमी टाकू त्याच्यासाठी.